मोडीचे रुमाल, कापडी नकाशे आणि संस्थानी मुद्रांची पुस्तकं : लॅमिनेशनच्या आधी काय करावं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या वाचनालयाला एका जुन्या घराण्याने दोन लोखंडी पेट्या दिल्या आहेत. त्यात मोडीचे रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, कन्नड ताडपत्रांच्या दोन जुड्या आहेत, कापडावर चिकटवलेला एक गावनकाशा आणि सर्व्हे ऑफ इंडियाची काही जुनी शीटं आहेत. शिवाय आतल्या पुठ्ठ्यावर ढाल-मुकुटाची, म्हणजे मालकाच्या घराण्याच्या मुद्रेची लेबलं डकवलेली काही इंग्रजी पुस्तकं आहेत. पाऊस लागायच्या आत मोडीचे कागद लॅमिनेट करावेत, नकाशा इस्त्री करून फ्रेम करावा आणि लेबलं सोडवून भिंतीवर लावावीत, असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे. तुम्ही विचारलंय, लॅमिनेशन कोणतं चांगलं?

कोणतंच नाही. आणि उरलेली दोन कामंही थांबवा. कार्यकारिणीची कळकळ खरी आहे, पण दुरुस्ती हा आजचा प्रश्नच नाही. आजचे प्रश्न दोन. एक, येणारा पावसाळा. दुसरा, कोणता कागद कोणाबरोबर आणि कोणत्या क्रमाने होता ही माहिती, जी पेटी उपसताना एका दुपारीत कायमची जाऊ शकते. फाटलेला कागद दहा वर्षांनीही जोडता येतो. विस्कटलेला रुमाल पुन्हा लावता येत नाही.

लॅमिनेशनबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो. झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन म्हणजे उष्णतेने वितळवलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरवणं. तो नंतर सुखरूप निघत नाही. प्लास्टिक पिवळं पडतं, कडा सुटतात आणि आत शिरलेला दमट वारा तिथेच अडकतो. मोडीच्या कागदावरची शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते. ती उन्हाने उडत नाही, पण कागदाच्या वरच बसलेली असते, त्यामुळे थर सोडवायला गेलं की अक्षरं थरासोबत येतात. एखादा कागद हाताळायलाच लागणार असेल, तर त्याला पारदर्शक पॉलिएस्टरच्या दोन पातळ शीटांमध्ये नुसता ठेवायचा. दोन बाजू बंद, दोन उघड्या, कागदाला चिकट काहीही लागू द्यायचं नाही. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं याला चालत नाहीत. सेलोटेप आणि फेविकॉल तर पेटीच्या जवळही नको.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत जो कागद नुसत्या कापडात शंभर वर्षं टिकतो, तोच जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दोन पावसाळ्यांत बुरशी धरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणून पहिली खरेदी लॅमिनेशनची नको. साधं डिजिटल आर्द्रतामापक आणा आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. पेट्या ठेवायची खोली त्या आकड्यांवरून ठरवा. कौलारू छताखालची माडी, पश्चिमेची भिंत आणि संडास-मोरीला लागून असलेली भिंत टाळा. कपाट भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच हवं. लोखंडी कपाट बंद करून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की काम झालं, असा समज फार आहे. रोज उघडणाऱ्या कपाटात त्या पुड्या काही दिवसांत भरून जातात आणि नंतर नुसत्या पडून असतात. त्यापेक्षा कोरड्या दिवशी दुपारी तासभर दारं उघडून मंद पंखा लावणं जास्त उपयोगी. पाऊस कोसळत असताना मात्र खिडकी बंदच ठेवा, नाहीतर बाहेरची ओल आपणच आत घेतो.

बुरशी आधीच असेल तर ती जिवंत आहे की सुकलेली, ते आधी पाहायचं. बोटाने नाही, मऊ ब्रशच्या टोकाने. चिकट लागली, पसरली तर जिवंत. असा गठ्ठा वेगळा काढून सावलीत, हलत्या हवेत सुकू द्या. उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि ठिसूळही होतो. भुकटीसारखी उडत असेल तर सुकलेली. ती घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने आपल्यापासून दूर झाडायची. झाडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरं झाकायला पिवळा हरताळ लावत, काही पोथ्यांची सगळी पानंच त्याने पिवळी केलेली असतात. हरताळ हे आर्सेनिकचं संयुग आहे. पिवळा थर घासायचा नाही, बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

कसर, झुरळं, वाळवी आणि पानांतून गोल भोकं पाडणारा पुस्तककिडा, हे चौघं वेगळे. कसर वरवर खरवडते आणि तिला खळ आवडते. वाळवी जमिनीतून येते, म्हणून कपाटाचे पाय तपासा. किड्याच्या भोकाखाली ताजी बारीक पूड पडत असेल तर तो अजून आत आहे. अशा पुस्तकावर औषध फवारू नका. ते पॉलिथिनमध्ये हवा काढून पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी किमान २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव बसतं. फ्रिजच्या वरच्या साध्या बर्फाच्या कप्प्यात एवढं तापमान टिकत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. ताडपत्रांवर हा उपाय मी करत नाही.

वेखंडाचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्याकडे पोथ्यांत वेखंड ठेवायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. फक्त ते पातळ सुती पुरचुंडीत बांधून बासनाच्या बाहेर, कोपऱ्यात ठेवा. कडुनिंबाची किंवा तंबाखूची पानं थेट पानांमध्ये घातली की तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आता पेटी उघडण्याचा क्रम. पेटी जशी आहे तशी वरून एक फोटो काढा. मग प्रत्येक थर उचलण्याआधी एक. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्या, पण तो चिठ्ठीवर लिहून गाठीत अडकवा, कागदावर नाही. कागदावर लिहिणं अगदीच भाग पडलं तर २बी पेन्सिलने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात, दाब न देता. रुमाल उघडल्यावर आतले कागद तारखेनुसार लावायचा मोह होतो. तो आवरा. ज्या कारकुनाने किंवा वतनदाराने ते बांधले, त्याने एका कज्ज्याचे, एका शेताचे किंवा एका वर्षाचे कागद एकत्र ठेवले असतील. त्यातला बिनतारखेचा कागद केवळ शेजाऱ्यामुळे ओळखता येतो. तारखेनुसार क्रम यादीत लावता येतो, त्यासाठी कागद हलवायची गरज नाही.

जुनं लाल कापड टाकून देऊ नका, पण त्याचा रंग सुटतोय का ते पाहा. पांढऱ्या कापसाच्या ओल्या बोळ्याने एका टोकाला दाबून बघा. गुलाबी डाग आला तर ते कापड वेगळ्या पिशवीत, त्याच क्रमांकाने ठेवा आणि कागद मांजरपाटात बांधा. मांजरपाट आणल्यावर आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढायची, नाहीतर कसरीला आपणच जेवण वाढतो. एका रुमालाला साधारण ९० सेंटिमीटर चौरस तुकडा पुरतो. गाठ कागदाच्या कडेवर येऊ देऊ नका.

यादीत काय लिहायचं? रुमाल क्रमांक, पत्रसंख्या (किती पानं), लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, लिपी, भाषा, पहिली ओळ, शेवटची ओळ, तारीख जशी लिहिली आहे तशी, आणि अवस्था. लिपी आणि भाषा हे दोन रकाने वेगळे ठेवा. आपल्या भागात मोडी दिसली म्हणजे मराठीच, असं धरून चालत नाही, मोडीत कन्नड मजकूरही लिहिलेला सापडतो. गावाचं नाव कागदावर जसं आहे तसं लिहा आणि पुढे आजचं नाव द्या. तिसऱ्या रकान्यात तेच नाव कन्नड लिपीत असू द्या. उद्या धारवाडहून आलेला अभ्यासक आणि कोल्हापूरहून आलेला अभ्यासक, दोघांनाही तीच यादी वापरता आली पाहिजे.

तारखांसाठी थोडा वेळ द्या, कारण याद्या इथेच सगळ्यात जास्त चुकतात. समजा ओळ अशी आहे : ‘सु॥ सलास सबैन मया व अलफ’. ही शुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या, मृगापासून सुरू होणाऱ्या सनाची, अरबी शब्दांत लिहिलेली संख्या. सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११७३. मृग नक्षत्र लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे हा कागद १७७२-७३ चा. पण आकडा फसलीचा, म्हणजे महसुली सनाचा असेल तर मिळवायचे ५९० किंवा ५९१. दोन सनांत नऊ वर्षांचा फरक आहे, आणि कागदावर ‘सन’ एवढंच लिहिलेलं असलं की तो नऊ वर्षांनी पुढे-मागे लागतो. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचं गणित आणखी वेगळं, त्यामुळे इंटरनेटवरचा पहिला तक्ता डोळे झाकून वापरू नका. शके असेल तर सोपं, ७८ मिळवा, आणि पौष-माघ-फाल्गुनाच्या कागदांना इंग्रजी वर्ष बदललं का ते पाहा. ‘छ’ आणि पुढे आकडा व रजब, साबान असा महिना दिसला तर ती मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख. ते सगळं तसंच्या तसं उतरवून घ्या, हिशोब नंतर करता येईल.

फोटो काढायला कोणते कागद आधी घ्यावेत? बहुतेक जण सर्वांत जुने घेतात. माझा क्रम उलटा असतो. पेशवाईतला हातकागद चिवट असतो, अजून शंभर वर्षं थांबू शकतो. खरा धोका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या गिरणीच्या कागदाला. त्याला तुरटी-राळेची खळ असते, तिचं आम्ल कागद आतून खातं आणि घडीवर हात लावताच तुकडे पडतात. त्यावरची इंग्रजी कचेरीची तपकिरी शाई लोहयुक्त असेल तर अक्षरांच्या जागी कागद जळून भोकं पडतात. जांभळे रबरी शिक्के आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल पाण्याच्या एका थेंबाने पसरतात. असे कागद आधी टिपा. मोबाइल चालेल, पण तो स्टँडवर, कागदाला समांतर, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, फ्लॅश बंद, आणि प्रत्येक चौकटीत पट्टी व क्रमांकाची चिठ्ठी. दुकानातल्या शीट ओढणाऱ्या स्कॅनरमधून यातलं काहीही जाऊ देऊ नका.

ताडपत्रांचं थोडक्यात. दोरी घट्ट असेल तर ओढू नका. सैल होत नसेल तर भोकाजवळ पानं फाटण्यापेक्षा दोरी कापलेली परवडली. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका. अक्षरं लेखणीने कोरलेली असतात, त्यांतली काजळी गेली की पान कोरं वाटतं. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने अगदी आडवा टॉर्च धरा, कोरीव अक्षरं सावलीत उठतात आणि फोटोही तसाच निघतो. काजळी भरणं, तेलाने पुसणं ही कामं तज्ज्ञाची. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाची कन्नड अध्ययन संस्था तुम्हाला जवळ आहे, पहिली विचारणा तिथे करा.

आता नकाशे, आणि इथे थोडं थांबतो. गावनकाशाला इस्त्री का नको? कापड आणि कागद ओल-उष्णतेने सारखे आकसत नाहीत. इस्त्रीने सुरकुती जाईल, पण नकाशा एका दिशेला जास्त आकसेल आणि त्याचं प्रमाण बिघडेल. आठ इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या गावनकाशात एक इंच म्हणजे ६६० फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीच्या २० साखळ्या. याच ३३ फुटांच्या चौरसाला आपण आजही गुंठा म्हणतो. अशा नकाशात इंचाचा विसावा भाग आकसला तरी जमिनीवर एका साखळीचा घोटाळा होतो. म्हणून फोटो काढतानाही लांबीला एक आणि रुंदीला एक, अशा दोन पट्ट्या ठेवा. नकाशा मोठा असेल तर तुकड्यांत टिपा, शेजारच्या दोन चौकटींत एक तृतीयांश भाग सामाईक येऊ द्या.

हाताने भरलेले रंग पाहा, विशेषतः हिरवा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो. नकाशा उलटा करून त्या रेघेच्या मागे तपकिरी सावली दिसते का ते तपासा. दिसली तर त्या घडीवर पुन्हा घडी घालायची नाही. नकाशा सपाट ठेवण्याएवढी जागा असेल तर सपाटच ठेवा. नसेल तर किमान १० सेंटिमीटर, शक्यतो १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, धुतलेलं मांजरपाट आधी गुंडाळून, नकाशा नळीच्या बाहेरून गुंडाळा. नळीच्या आत खुपसू नका, काढताना कडा फाटतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटांवर समासातला बारीक मजकूर वाचायचं विसरू नका. आवृत्तीचं वर्ष आणि प्रत्यक्ष मोजणीचं वर्ष वेगळं असतं, यादीत दोन्ही हवीत. जुन्या शीटांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बांधलेले असत. त्यांत सुमारे अडीच मिनिटांची वजाबाकी करायची सूचना समासात सापडते. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. ही दुरुस्ती न करता कोणी जुनी शीट आजच्या उपग्रह नकाशावर बसवली, तर अख्खं गाव पूर्वेला सरकलेलं दिसतं आणि त्यातून नको ते निष्कर्ष निघतात. आपल्या भागात १ नोव्हेंबर १९५६ च्या, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्या आधीच्या कोणत्याही नकाशाकडे लोक सीमावादातला पुरावा म्हणून पाहतात. म्हणून मूळ नकाशा कोणालाही, कितीही सज्जन माणूस असला तरी, बाहेर न्यायला देऊ नका. फोटोची प्रत द्या आणि दिल्याची नोंद ठेवा.

शेवटी मुद्रांची लेबलं. ती सोडवून फ्रेम केली की शोभेची चित्रं उरतील आणि पुस्तकं अनाथ होतील. पुस्तक कोणाच्या कपाटातून कोणाकडे गेलं, याचा तो दाखला आहे. तो दाखला पुस्तकातच राहिला पाहिजे. वाफेने किंवा पाण्याने लेबल सोडवताना शाई पसरते, पुठ्ठ्याचं अस्तर फाटतं. एखादं आपोआप सुटलं असेल तर कागदी पाकिटात घालून त्याच पुस्तकात ठेवा. लेबलाच्या समोरच्या पानावर त्याची तपकिरी छाया उमटली असेल तर मध्ये पातळ, आम्लरहित कागद घाला.

ओळखायचं कसं? एकरंगी छापलेल्या ढालीवर रंग रेघांनी दाखवलेले असतात. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, पाहणाऱ्याच्या डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या तिरप्या रेघा हिरव्या, उभ्या-आडव्या जाळीदार रेघा काळ्या. भिंगाने पाहून हे यादीत लिहिलं की दूरचा तज्ज्ञही फोटोशिवाय ढाल वाचू शकतो. ढाल मधोमध उभी दुभागलेली असेल आणि दोन बाजूंना वेगवेगळ्या मुद्रा असतील तर बहुधा डावीकडे नवऱ्याच्या आणि उजवीकडे बायकोच्या घराण्याची असते, त्यावरून लग्नानंतरचा काळ ठरतो. नुसता पिळाच्या पट्टीवर एक प्राणी किंवा हात असेल, तर त्यावरून घराणं ठरवू नका. तेच चिन्ह अनेक इंग्रज घराणी वापरत. त्याखालचं ब्रीदवाक्य आणि नाव जुळलं तरच लिहा, नाहीतर नुसतं वर्णन द्या. बेळगाव छावणीचं गाव असल्यामुळे अशा अधिकाऱ्यांची पुस्तकं या भागात सापडणं नवल नाही.

संस्थानिकांच्या मुद्रांबाबत एक खूणगाठ उपयोगी पडते. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी संस्थानिकांना युरोपीय पद्धतीच्या ढाली रेखून ध्वजांवर दिल्या गेल्या, त्यामुळे अशी पूर्ण ढाल असलेलं लेबल बहुधा त्यानंतरचं. पुस्तक १८५० चं असलं तरी लेबल नंतर डकवलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही काळ वेगळे नोंदवा. सांगली संस्थानाची खूण सापडली तर ते पुस्तक सांगलीहूनच आलं असं समजू नका. बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं, तेव्हा पुस्तकाने कदाचित फार लांबचा प्रवास केलेला नसेल. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाचा शिक्का असेल आणि त्यावर ‘रद्द’ची खूण नसेल, तर दाखल नोंदवहीत चढवण्याआधी त्या संस्थेला पत्र लिहून विचारा.

विक्रीचा विषय तुमच्या पत्रात ओझरता आला आहे, म्हणून कायद्याचं सांगतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो. इतर वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची आहे. असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. पेटीत चित्रं असलेली पोथी निघाली तर तिची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. आणि देणगीदारांकडून साध्या कागदावर का होईना, पेट्या वाचनालयाला कायमच्या दिल्या की सांभाळायला दिल्या, हे लिहून घ्या. ते दोन ओळींचं पत्र नसेल तर पुढे कोणतीही संस्था तुमच्या संग्रहावर काम करायला कचरते.

यादी आणि फोटो हातात आले की दुरुस्तीसाठी दार ठोठावता येईल. मोडीसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, संस्कृत पोथ्या निघाल्या तर भांडारकर संस्था, जवळ हवं तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. केंद्राचं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ मध्ये सुरू झालं, आता ते काम ज्ञान भारतम् या नावाने चालतं, तिथे हस्तलिखितांची नोंद करता येते. कोणाकडेही जाताना मूळ कागद पिशवीत घालून नेऊ नका, यादी आणि पाच-सहा फोटो न्या. मला इथे उत्तर देणार असाल तर तीन गोष्टी कळवा : आर्द्रतेचे दोन आठवड्यांचे आकडे, गावनकाशाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि ताडपत्रांची दोरी आज किती घट्ट आहे ते. रुमाल तोपर्यंत बांधलेलेच राहू द्या.